चकती घाला, गाणी काढा!

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीचं नाव काढलं की आधी आठवते मिरची. हंगामात घेऊन वर्षभराची भरून ठेवायची वस्तू. सीडीतली गाणी मात्र अशी भरून ठेवायचं बऱ्याच घरांत राहून गेलं. कपाटात चकत्या आहेत, पण नव्या लॅपटॉपला त्या घालायला खाचच नाही. त्यात संगणकवाल्यांचा एक जुना वाद : गाणी वाजवणाऱ्या प्लेअरमध्येच सीडी रिप करायची सोय हवी, की त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बरं? निकाल शेवटी. आधी थोडी गंमत.

४४ बाइटचं गाणं
ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा फायली दिसतात. त्या पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या, की चौदा गाण्यांचे मिळून भरतात ६१६ बाइट! कारण त्या फायली म्हणजे नुसत्या पाट्या, प्रत्येकी ४४ बाइटच्या. खरा आवाज चकतीवर सलग वळणांत कोरलेला असतो, सेकंदाला ४४,१०० नमुने आणि तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. तो वाचून त्याची फाइल बनवणं म्हणजेच रिप करणं. साध्या कॉपी-पेस्टने ते होत नाही.

'१५० गाणी' असं लिहिलंय? मग चिंता नको
आपल्याकडे बस स्टँडवर आणि बाजारात एमपी३ सीडीही धो धो खपल्या. त्यांवर सरळ फायलीच असतात. कॉपी करा, मोकळे व्हा. ओळखायचं कसं? ऑडिओ सीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात. म्हणजे कव्हरवर शे-दीडशे गाण्यांची यादी दिसली, की ती एमपी३च.

लग्नाची सीडी वेगळ्याच जातीची
लग्नाच्या किंवा गावच्या नाटकाच्या शूटिंगची जुनी सीडी बहुधा व्हीसीडी असते. तिच्यातल्या 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' शेपटीची फाइल सापडते. चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आवाज मात्र ऐकण्याजोगा. ही फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये बिनबोभाट चालते आणि तिच्यातला नुसता आवाजही त्यातूनच वेगळा काढता येतो.

नावं येतात कुठून?
बहुतेक ऑडिओ सीडींवर गाण्याचं नाव नसतंच. प्लेअर प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो ते मोजतो आणि त्या आकड्यांवरून इंटरनेटवरच्या यादीत सीडी शोधतो. १९९३ मध्ये ती सुरुवात झाली 'सीडीडीबी'पासून. जगभरच्या हौशी लोकांनी नावं टंकून ती यादी भरली आणि पुढे ती एका कंपनीच्या मालकीची झाली. मग लोकांनी 'फ्रीडीबी' काढली, ती २०२० मध्ये बंद पडली. आज 'म्युझिकब्रेन्झ' खुली आहे आणि तिच्यात देवनागरी चालते. केशोरीजवळच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या कुणी एखादी तिबेटी सीडी नोंदवायची म्हटली, तर तिबेटी लिपीही चालते. कुणी नोंदच केली नसेल तर मात्र नाट्यसंगीत असो की दंडारीसारखं लोकनाट्य, नाव एकच : 'ट्रॅक ०१'.

फॉरमॅट मारला, गाणी मुकी
विंडोज एक्सपीच्या काळात मीडिया प्लेअर सीडी रिप करायचा, पण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या 'डब्ल्यूएमए' प्रकारात. त्यातला 'कॉपी प्रोटेक्ट'चा पर्याय चालू राहिला, की गाणी त्या संगणकाशी बांधली जायची. परवाना जपून न ठेवता फॉरमॅट मारला, की फायली जागेवर आणि आवाज गायब. एमपी३ची सोय त्यात सरळ आली ती २००४च्या आवृत्ती १० मध्ये.

जाहिरातीवरून थेट सिनेटमध्ये
ॲपलने २००१ मध्ये आयट्यून्स आणलं ते रिपिंगसकट. 'रिप करा, मिसळा, बर्न करा' अशा अर्थाची त्याची जाहिरात इतकी गाजली, की डिस्नेचे प्रमुख मायकल आयस्नर यांनी २००२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तिच्याबद्दल तक्रार केली. विनॅम्प या प्लेअरने मात्र एमपी३ रिपिंग पैसे मोजणाऱ्यांसाठी राखून ठेवलं.

मार्कर पेनाने फोडलेलं कुलूप
रिपिंग रोखायला कंपन्यांनी सीडीला कुलपं घातली. २००२ मध्ये उघड झालं, की त्यातलं एक कुलूप चकतीच्या कडेला साध्या मार्कर पेनाने रेघ ओढली की निकामी होतं! २००५ मध्ये सोनी बीएमजीने पुढची पायरी गाठली. सीडी घातली की संगणकात गुपचूप एक प्रोग्रॅम लपून बसायचा. बोभाटा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि सीडी परत घ्याव्या लागल्या.

स्वतःचीच सीडी, तरी गुन्हा?
ब्रिटनमध्ये स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःसाठी रिप करणं ऑक्टोबर २०१४ मध्ये कायदेशीर झालं आणि जुलै २०१५ मध्ये हायकोर्टाने ती सवलतच रद्द केली. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, २०१२च्या दुरुस्तीनंतर, खासगी वापरापुरत्या रास्त वापराला जागा आहे. पैसे घेऊन गिऱ्हाइकाचं मेमरी कार्ड भरून देण्याला नाही.

पुसायची कशी?
सीडीवरचा आवाज गोल वळणांत कोरलेला असतो. म्हणून पुसताना गोल फिरवायचं नाही. मधून कडेकडे सरळ पुसायचं, म्हणजे चुकून ओरखडा पडलाच तरी तो वळणांना आडवा जातो आणि ड्राइव्ह तो सावरून घेतो. आणि चमकत्या बाजूपेक्षा जपायची ती छापील बाजू. धातूचा पापुद्रा तिच्याच खाली, लाखेच्या पातळ थराआड असतो.

विदर्भाचं ऊन आणि घरगुती सीडी
कंपनीची सीडी ठशातून निघते, तिच्यातले खळगे पक्के. दुकानात बर्न करून दिलेल्या सीडीत मात्र रंगाचा थर असतो आणि त्या थराला ऊन आणि उष्णता सोसत नाही. मेच्या उन्हात गाडीच्या काचेमागे पडलेली सीडी म्हणजे स्वतःहून पुसली जाणारी पाटी.

मंडईचा आवाज
दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत रात्र-रात्र नाटकं रंगतात. वडसा हे नाटक कंपन्यांचं माहेरघर. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. इथल्या एखाद्या नाटकाची गाणी कुणी हौसेने रेकॉर्ड करून एकाच सीडीवर ठेवली असतील, तर ती कुठल्याही ॲपवर सापडणार नाहीत.

तर मग निकाल?
वेगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांचा मुद्दा खोटा नाही. १९९८ चं 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' खरचटलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि कुठे चुकलं ते सांगतं. 'ॲक्युरेटरिप' तर तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून पाहतं. पण या सॉफ्टवेअरच्या सेटिंगची लढाई लढणार कोण? हौशी माणूस. ज्याच्याकडे काकांच्या नाटकाची एकुलती एक सीडी आहे, तो बहुधा हौशी नसतो. तो सीडी घालतो, समोर जो प्लेअर उघडेल त्यात बटण शोधतो आणि नाही सापडलं तर चकती परत कपाटात. म्हणून बटण प्लेअरमध्येच हवं. मायक्रोसॉफ्टलाही ते पटलं असावं. नव्या मीडिया प्लेअरमध्ये ही सोय नव्हती, २०२२ मध्ये ती परत आली. फूबार२००० या प्लेअरमध्ये ती आहेच, ॲक्युरेटरिपसकट.

फक्त त्या बटणाने तीन गोष्टी कराव्यात. फ्लॅक या फाइल-प्रकाराचा पर्याय द्यावा, म्हणजे आवाजातलं काही गळत नाही आणि जागा मूळ सीडीच्या सुमारे साठ टक्केच लागते. वाचताना अडखळलं तर 'झालं' म्हणून मोकळं न होता कोणतं गाणं बिघडलं ते सांगावं. आणि देवनागरीत नाव लिहिलं तर चौकोनी डबे दाखवू नयेत.

लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, एकाने आणला की अख्ख्या वस्तीचं काम भागतं. क्रम मात्र उलटा लावा. सिनेमाच्या गाण्यांची छापील सीडी शेवटी, ती पुन्हा मिळेल. पेनाने नाव लिहिलेली, दुकानात बर्न केलेली, दुसरी प्रत नसलेली चकती सगळ्यात आधी.