धुराचं कपाट

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. या भागात चुलीवरच्या धुरात मासे सुकवण्याची रीत जुनी आहे. उष्णता पाणी काढते, धुरातले फिनॉल जिवाणूंना रोखतात आणि चरबी लवकर खवट होऊ देत नाहीत.

बंद पडलेला फ्रीझरही मासे धुरवण्यासाठी धुराचं कपाट होऊ शकतो. घट्ट दार, आत जाळ्या!

अडचण भिंतींची. प्लॅस्टिकचं अस्तर आणि त्यामागचा पॉलियुरेथेन फोम तापला, तर विषारी वायू सुटतात. म्हणून धातूच्या अस्तराचा फ्रीझर निवडून, तंत्रज्ञाकडून शीतक वायू काढून घेतात. चूल बाहेर ठेवून लांब नळीतून गार धूर आत सोडतात.

30 अंशांखालच्या धुरात मासा शिजत नाही. आधी मीठ लावावं लागतं, खाण्यापूर्वी शिजवावा लागतो. जळणात रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड चालत नाही.