जुनी मोटार : किलोमीटरचा आकडा आणि खरे वय

जुनी मोटार घेताना ग्राहकाची दृष्टी प्रथम धावलेल्या किलोमीटरच्या आकड्याकडे वळते. दहा वर्षांची गाडी केवळ २०,००० किलोमीटर चाललेली असेल, तर ती जवळजवळ नवीच, असे मानून अधिक किंमत मोजली जाते. हा समज तपासून पाहणे हिताचे ठरेल.

दहा वर्षांत २०,००० किलोमीटर म्हणजे आठवड्याला ४० किलोमीटरही नव्हे. अशी गाडी एक तर दीर्घकाळ उभी असते, किंवा अगदी जवळच्या अंतरासाठी वापरली जाते. अल्प अंतरात इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे तेलात उतरलेला ओलावा उडून जात नाही. बॅटरीही पूर्ण चार्ज होत नाही. उभ्या गाडीचे टायर व रबरी नळ्या कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत पत्र्याला गंज चढतो. म्हणूनच उत्पादक देखभालीची मर्यादा किलोमीटर आणि कालावधी अशा दोन्ही परिमाणांत देतात व 'जे आधी पूर्ण होईल ते' ग्राह्य धरतात.

याचा अर्थ कमी धाव निरर्थक आहे, असा नव्हे. क्लच, सस्पेन्शन, इंजिनचे फिरते भाग यांची झीज त्यामुळे निश्चितच कमी होते. मात्र विमामूल्य ठरविण्याच्या रूढ तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ५० टक्के घसारा धरला जातो. त्यात किलोमीटरचा रकानाच नसतो. खाजगी मोटारीची मूळ नोंदणीही १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. दहा वर्षांच्या गाडीची पाच वर्षेच उरतात, मग ती कितीही कमी चाललेली असो.

शिवाय आकडा मागे फिरविलेला असू शकतो. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी नोंदलेले किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का, ते पाहावे. पेडलचे रबर आणि स्टिअरिंग गुळगुळीत झाले असेल, तर २०,००० चा आकडा संशयास्पद समजावा. टायरवरील चार अंकी संकेतही बोलका असतो : '१२१६' म्हणजे २०१६ सालचा बारावा आठवडा.

नियमित देखभालीच्या नोंदी असलेली ६०,००० किलोमीटरची गाडी पुष्कळदा अधिक विश्वासार्ह ठरते. कर्जाचा हप्ता आधी ठाऊक असतो, दुरुस्तीचा खर्च नसतो. म्हणून टायर, बॅटरी, पट्टे व तेल बदलण्याचा अंदाज जाणकार मेकॅनिककडून घ्यावा, तो किमतीतून वजा करावा आणि मगच व्यवहार करावा.