पाळणाघरातून आलेली ओली पिशवी

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी नाकाला पदर लावतील. विषय आहे लहान मुलांच्या शी-शूचा, आणि तोही घरातला नाही, पाळणाघरातला आणि अंगणवाडीतला. घरात मूल ओलं झालं तर आपण मुकाट्याने लंगोट बदलतो आणि कामाला लागतो. तेच दुसरीच्या ताब्यात असताना झालं, की त्याचं भांडण होतं. आमच्याकडे झालं होतं, म्हणून आज बोलतोय.

आमचं पाळणाघर म्हणजे फार मोठं काही नाही. एक खोली, दोन सतरंज्या, एक साडीची झोळी आणि आळीपाळीने बसणाऱ्या आम्ही गटातल्या बायका. गेल्या पावसाळ्यात खुरपणीच्या दिवसांत दोन वर्षांच्या एका मुलीला दुपारी खिचडीनंतर शी झाली. लंगोटातून चड्डीत, चड्डीतून झबल्यावर आणि तिथून सतरंजीवर. त्या दिवशी पोरं जास्त होती आणि आम्ही दोघीच होतो. तिला धुऊन कोरडं केलं, पण कपडे होते तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, गाठ मारली आणि संध्याकाळी आईच्या हातात दिली. ती बाई दिवसभर वाकून आलेली. घरी जाऊन पिशवी उघडली तर काय वास आला असेल, ते तुम्हीच ओळखा. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन आलीच नाही. "माझी पोर तुम्हाला जड झाली," एवढंच तिने निरोपात कळवलं. खरी गोष्ट आम्हाला आठवड्याने कळली. धाकटीला सांभाळायला चौथीतली थोरली शाळा सोडून घरी बसली होती.

चूक आमची होती. पण घरी जाऊन बोलल्यावर लक्षात आलं, की आम्ही दोन्हीकडच्या बायकांनी याबद्दल कधी काही ठरवलंच नव्हतं. कपडे किती द्यायचे, घाण झालेले कुठे ठेवायचे, धुवायचे कोणी, काहीच नाही. केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांना सांभाळण्याची सोय आहे. अंगणवाडीतलं शिक्षण 3 वर्षांपासून असलं, तरी ताईचा हात धरून अडीच वर्षांचं मूल तिथे येतंच. म्हणजे लंगोटातली मुलं आपल्या हाती येणारच, आणि लंगोट गळणारच.

आता तो गळतो का, ते बघू. पहिलं कारण म्हणजे कापड कमी पडतं. तीन महिन्यांच्या बाळाचा एकेरी लंगोट दीड वर्षाच्या मुलाला पुरत नाही, कारण तेवढं मूल एका वेळी बरीच जास्त शू करतं. दुसरं कारण घडीचं. मुलग्याची शू पुढे जाते, म्हणून जाड घडी पुढे हवी. मुलीची मध्ये आणि खाली साचते, म्हणून तिथे जाड हवी. आपण सगळ्यांना एकच घडी घालतो आणि मग म्हणतो, हा लंगोट नीट बसत नाही. तिसरं म्हणजे मांडीजवळची फट. लंगोट मांडीला लागून बसला पाहिजे, पण आत एक बोट जाईल एवढाच. नाडी आवळून वळ उठवला तर पोर रडतं आणि गळायचं ते गळतंच. काही जणी वरून प्लॅस्टिकची चड्डी घालतात. गळणं थांबतं खरं, पण आतली कातडी दिवसभर वाफेत राहते. आमच्या मते रोजच्या वापराला ती नकोच.

लंगोटासाठी जुन्या सुती साडीसारखं कापड नाही. वापरून मऊ झालेलं असतं आणि पाणी चटकन ओढून घेतं. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. अर्ध्या मीटरपेक्षा थोडे मोठे चौकोन कापले तर वीस निघतात. विरलेले बाजूला काढले तरी पंधरा-सोळा राहतात, आणि दोन-दोन जोडून शिवले की सात-आठ चांगले दुहेरी लंगोट तयार. नायलॉन किंवा सिंथेटिक साडी मात्र घेऊ नका. ती शोषत नाही, आणि त्या कापडाने मुलांच्या जांघा लाल होतात.

पाळणाघरात येताना पिशवीत काय हवं, हे आम्ही त्या भांडणानंतर ठरवलं. पाच लंगोट, दोन चड्ड्या, एक झबलं, अंग पुसायला एक मऊ फडकं आणि ओल्या कपड्यांसाठी झाकणाचा एक रिकामा डबा किंवा जाड पिशवी. नाव लिहायची गरज नाही. प्रत्येक घराने एक रंग घेतला आणि त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर घातले. हिरवा दोरा एकीचा, जांभळा दुसरीचा. आमच्यातल्या ज्या मावशींना वाचता येत नाही, त्यासुद्धा आता कपडे वाटताना चुकत नाहीत. (लाल रंगावरून दोघींचं वाजलं होतं, पण ते मिटलं.)

बदलायचं कधी? ओला दिसला की लगेच. आणि दिसायची वाट न बघता काही ठरलेल्या वेळीही हात लावून बघायचा. मूल आल्यावर, खाण्याच्या आधी, झोपवताना आणि उठल्यावर. जेवणानंतर तर नक्कीच. पोटात अन्न पडलं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून पुष्कळ मुलांना जेवल्यावर थोड्या वेळात शी होते. आपल्या आज्या बाळाला पायांवर बसवायच्या, आठवतं? पाय लांब करून, दोन पावलांमध्ये बाळाला उकिडवं धरून "शू-शू" म्हणायच्या. खिचडीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी मुलांना एकेक करून तसंच बसवायला आम्ही सुरुवात केली. रोज जमतं असं नाही, पण घाण होणारे कपडे बरेच कमी झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे म्हणतात, लहान बाळाच्या शीला कसला आलाय विटाळ. विटाळ राहू द्या बाजूला, पण त्यात रोगजंतू असतात, आणि मोठ्यांच्या शीइतकेच धोक्याचे असतात. जुलाब, पोटाचे आजार, जंत हे सगळं तिथूनच हातावर आणि हातावरून तोंडात जातं. पाळणाघरात तर एकीच्या हाताने आठ-दहा मुलं जेवतात. त्यामुळे शी उकिरड्यावर, गटारात किंवा बांधावर टाकायची नाही. ती संडासातच गेली पाहिजे. लंगोट झटकून किंवा पाण्याने विसळून ते पाणीही संडासातच ओतायचं. हापशाजवळ किंवा विहिरीच्या कट्ट्यावर तो विसळायचा नाही. मग साबणाने हात धुवायचे. नुसत्या पाण्याने किंवा मातीने नाही, साबणाने, नखांसकट. मुलाचेही हात धुवायचे, कारण त्याने मधल्या वेळात कुठे हात लावला ते आपल्याला माहीत नसतं. मुलीला धुताना किंवा पुसताना हात पुढून मागे न्यायचा. मागून पुढे नेला तर शीतले जंतू लघवीच्या जागी जातात आणि लघवीला जळजळ, ताप असे त्रास होतात.

सतरंजीवर सांडलं तर आधी राख टाकून घाण उचलायची, मग साबणाच्या पाण्याने ती जागा धुवायची आणि सतरंजी उन्हात टाकायची. फिनाईल वापरत असाल तर बाटली उंचावर ठेवा, आणि पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर ते कधीच भरू नका.

कपडे धुण्याबद्दल थोडं. शीचा डाग पडलेला कपडा आधी थंड पाण्यातच विसळायचा. एकदम कढत पाणी ओतलं तर डाग धाग्यात बसतो. शी निघून गेली की साबण पावडरच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचा, मग गरम पाण्याने धुवायचा आणि भरपूर पाण्यात खळबळायचा. कापडात साबण राहिला तर त्यानेही कातडी लाल होते. आणि ऊन! ऊन फुकट आहे आणि त्यासारखं दुसरं काही नाही. पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. दमट लंगोट घातल्याने जांघेत बुरशी धरते. म्हणून त्या दिवसांत लंगोट जास्त लागतात. घरात वाऱ्याला दोरी बांधा, आणि इस्त्री असेल तर शेवटी एक हात फिरवा.

हल्ली लग्नाला, एसटीच्या प्रवासाला विकतचा डायपर सगळ्याच घालतात, आणि काही जणी पाळणाघरातही घालून पाठवतात. त्यात काही वाईट नाही. पण त्यातले दाणे पाणी शोषून फुगतात, वरून कोरडं वाटतं, आणि म्हणून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. दोन-तीन तासांनी तो बदलायला हवा, आणि शी झाली तर ताबडतोब. वापरलेल्या डायपरचं काय करायचं हा मोठा प्रश्न आहे. त्यात प्लॅस्टिक असतं. पुरला तर कुजत नाही आणि कुत्री उकरून काढतात. जाळला तर विषारी धूर होतो. संडासात टाकला तर भांडं तुंबतं. 2016 च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं, की तो कागदात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा. आधी आतली शी संडासात टाकायची, हे आम्ही आमच्याकडून सांगतो. गावात कचरागाडीच येत नसेल, तर ग्रामसभेत हा विषय काढा. आम्ही काढला तेव्हा पुरुषमंडळी हसली, पण विषय लिहून घेतला गेला.

जांघ लाल झाली तर मुलाला थोडा वेळ लंगोटाशिवाय मोकळं राहू द्या, साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा आणि खोबरेल तेलाचा पातळ हात लावा. टाल्कम पावडर नको, ती मुलाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, घडीत लालभडक झालं, आजूबाजूला बारीक पुटकुळ्या आल्या किंवा कातडी सोलली, तर दवाखान्यात दाखवा. मेडिकलवाल्याने दिलेलं 'गजकर्णाचं मलम' मुलाला लावू नका. तसल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. आधी बरं वाटतं आणि मग कातडी पातळ होते.

आता एक गोष्ट, जी आम्हालाही उशिरा कळली. तीन-साडेतीन वर्षांचा एक मुलगा, संडासला जायला शिकलेला. त्याच्या चड्डीला रोज थोडी-थोडी पातळ शी लागायला लागली. घरच्यांना वाटलं जुलाब आहेत, आम्हाला वाटलं मुद्दाम करतोय. दोन्ही खोटं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला बद्धकोष्ठ होतं. आत कडक शी अडकली होती आणि तिच्या कडेने पातळ शी झिरपत होती. त्याला ती कळतही नव्हती. मागे एकदा खडा झाल्यावर दुखलं होतं, त्यात चड्डी भरली म्हणून सगळ्यांसमोर ओरडाही बसला होता. तेव्हापासून भीतीने तो शी दाबून धरत होता. डॉक्टरांचं औषध, भरपूर पाणी, पालेभाजी, पेरू आणि रोज जेवणानंतर न रागवता बसवणं, याने महिना-दोन महिन्यांनी फरक पडला. त्या दिवसापासून आमच्याकडे "छी, घाणेरडा" हा शब्द बंद आहे. इतर मुलांनाही म्हणू देत नाही.

सवय साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान लागते, काहींना त्याहून उशिरा. मूल सलग दोन तास कोरडं राहायला लागलं, ओलं झाल्यावर सांगायला लागलं, की समजावं वेळ आली. शेजारणीचं मूल आधी शिकलं म्हणून घाई करू नका.

खरेच जुलाब लागले असतील, तर मूल घरीच ठेवा. दिवसाची मजुरी बुडते हे आम्हाला माहीत आहे, पण एका मुलाचे जुलाब आठ मुलांना लागले तर आठ घरांची बुडते. आशाताईंकडून ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या घ्या. झिंक 14 दिवस द्यायचं असतं, जुलाब थांबले तरी.

राहिला प्रश्न धुवायचं कोणी. आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. शी आम्ही काढायची, कपडा थंड पाण्यात विसळून, पिळून डब्यात ठेवायचा. साबणाने धुणं घरी. आणि "आज दुपारी जेवल्यावर झाली, पातळ होती" असं एक वाक्य डब्याबरोबर सांगायचं. आईने डबा त्याच दिवशी उघडायचा. अंगणवाडीत मात्र मदतनीस मावशी एकट्या असतात. स्वयंपाकालाही त्याच आणि पोरांनाही त्याच. तिथे सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. लंगोटातलं मूल पाठवायचं असेल, तर आधी त्यांना आणि सेविकाताईंना विचारा आणि आठवड्यातून एक दिवस गटातल्या एकीने मदतीला बसा.

ती दोन वर्षांची मुलगी पुन्हा यायला लागली आहे. तिच्या कपड्यांवर पिवळा दोरा आहे. थोरली शाळेत जाते.

येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता आपण लंगोट कापायला बसणार आहोत. जुन्या सुती साड्या धुऊन, वाळवून आणा. कात्र्या आणि शिलाई मशीन आमच्याकडे आहे, दोरा मात्र आपापल्या रंगाचा आणा. लाल आणि पिवळा गेलेला आहे.