सांध्यांचं गाव

मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या दोन जुन्या मेलगाड्या आहेत. एक नागपूरवरून जाते, दुसरी इटारसी, जबलपूर, प्रयागराज करत जाते. दोन्ही रात्री मुंबई सोडतात, कसारा घाट चढतात, नाशिक, मनमाड, चाळीसगाव मागे टाकतात आणि पहाटे भुसावळला येतात. इथपर्यंत दोघींची वाट एकच. इथून एक मलकापूर-शेगावकडे पूर्वेला निघते, दुसरी उत्तरेला कलून तापीच्या पुलावर चढते, आणि मग दोघींची गाठ थेट हावड्यालाच पडते. अर्धा भारत मधे घालून झालेली ही फारकत भुसावळ स्टेशनाच्या पलीकडच्या टोकाला होते. तेव्हा डब्यातली माणसं गाढ झोपेत असतात. डबा जरा डावी-उजवीकडे हलतो, चाकांचा आवाज बदलतो, कुणीतरी कूस पालटतं, एवढंच.

मराठीत याला सांधा बदलणं म्हणतात. रूळ हलवून गाडीला वाट देणारा तो सांधेवाला. पूर्वी तो हातातला दिवा घेऊन लिव्हर ओढत असे. आता केबिनमध्ये बसलेला माणूस बटण दाबतो आणि रुळाशेजारच्या मोटारीने सांध्याची जीभ सरकते. ती वीतभरही सरकत नाही. पण ती पुरती चिकटून कुलूपबंद झाल्याची खूण केबिनला मिळाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, अशी सगळी जुळणी केलेली असते. त्या एवढ्याशा हालचालीवर गाडी नागपूरची होते किंवा इटारसीची. माझ्या लेखी खानदेशातलं सर्वांत नाजूक आणि सर्वांत जबाबदारीचं काम हेच आहे.

जंक्शन म्हटलं की जगभर जपानच्या शिंजुकूचं नाव निघतं. टोकियोतलं ते स्टेशन 1885 साली सुरू झालं, दोनशेहून अधिक दारं असलेलं, दिवसाला तीस लाखांवर माणसं रिचवणारं. तिथे गाड्या आपापल्या रुळांवर ठरल्या वाटेने धावतात आणि माणसं जिने उतरून-चढून एका गाडीतून दुसरीत जातात. भुसावळची रीत उलटी आहे. इथे बहुतेक माणसं आपल्या बाकावरच राहतात आणि वाट बदलतात त्या गाड्या. शिंजुकूची गर्दी डोळ्यांना दिसते. भुसावळची गर्दी यार्डात, लॉबीत, शेडमध्ये पांगलेली असते. म्हणूनच की काय, भुसावळवर कुणी फारसं लिहीत नाही.

रेल्वे आली तेव्हा भुसावळ हे लहानसं खेडं होतं. 1853 साली मुंबई-ठाणे गाडी सुरू केल्यावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाट फोडून आत शिरायला पुढचं दशक घेतलं. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. रूळ कापसाच्या दिशेनेच गेले. 1867 मध्ये नागपूरपर्यंत गाडी पोहोचली, 1870 मध्ये दुसरी शाखा जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडली गेली आणि मुंबई ते कलकत्ता असा अखंड लोहमार्ग तयार झाला. या दोन फाट्यांच्या बेचक्यात भुसावळ वसलं. बारमाही पाण्यासाठी तापी शेजारी होती, आणि वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची गरज असते.

शहर रुळांच्या कडेने वाढलं. बंगले, चाळी, शाळा, दवाखाना, चर्च, मैदान, सगळं रेल्वेचं. लेवा पाटीदारांच्या बोलीत तमिळ, तेलुगू, भोजपुरी, अँग्लो-इंडियन इंग्रजी मिसळली. इथल्या घरांत दिवस-रात्र असं काही नसे; असे ती ड्यूटी. कॉलबॉय नावाचा माणूस मध्यरात्री सायकलवर येई, दाराची कडी वाजवी, वहीवर ड्रायव्हरची सही घेई. आत बाई उठून स्टोव्ह पेटवी आणि डबा भरी. आता ते बोलावणं मोबाइलवर येतं. डबा मात्र अजून पहाटे तीनलाही भरला जातो, आणि हा डबा भरणारे हातही रेल्वे चालवतात असं मी मानतो. कुठल्याच पगारपत्रकावर त्यांचं नाव नसतं.

गाडी भुसावळला पाच-दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात काय काय होतं ते एकदा फलाटाच्या टोकाला उभं राहून बघावं. नवा लोको पायलट आणि त्याचा सहायक आधीच लॉबीत हजेरी लावून, श्वासाची तपासणी देऊन, पुढच्या टप्प्यातली वेगाची बंधनं लिहिलेला कागद घेऊन येऊन थांबलेले असतात. जुने दोघं उतरतात, दोन वाक्यांत इंजिनाची तब्येत सांगतात आणि रनिंग रूमच्या, म्हणजे विश्रांतीच्या खोलीच्या, वाटेला लागतात. मागच्या टोकाला गार्ड बदलतो. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भुसावळकर अजून गार्डसाहेबच म्हणतात. खाली निळ्या कपड्यांतले कर्मचारी ब्रेकचे होज आणि कपलिंग न्याहाळत डब्यामागून डबा पुढे सरकतात. एक जण डब्यांत पाणी भरत असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, फलाटाची फरशी चपलेतूनही पोळते, तेव्हाही हे सगळं तेवढ्याच मिनिटांत व्हावं लागतं.

इगतपुरीपासून इकडे 25,000 व्होल्टची विद्युत तार 1960 च्या दशकाच्या अखेरीस आली. त्या काळी मुंबईकडची गाडी 1,500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर येई, म्हणून इगतपुरीला इंजिनच बदलावं लागे. भुसावळचं वाफेच्या इंजिनांचं शेड मावळलं आणि विजेच्या इंजिनांचं मोठं शेड उभं राहिलं. इंजिनांची नियतकालिक दुरुस्ती करणारा कारखानाही इथे आहे. आलेलं इंजिन तिथे पार सुटं होतं. ट्रान्सफॉर्मर वेगळा, मोटारी वेगळ्या, चाकं वेगळी. प्रत्येक भाग तपासून पुन्हा जुळवला की ते रंग लेवून बाहेर पडतं. आयटीआय करून शेडमध्ये लागलेला मुलगा बापाच्याच, कधी आजोबाच्याच खात्यात काम करतोय, असं इथे सहज आढळतं.

यार्डाचं वैभव मात्र ओसरलं. भुसावळच्या यार्डाची गणना एके काळी देशातल्या मोठ्या यार्डांत होई. मालगाडी हंप नावाच्या उंचवट्यावर ढकलायची, वाघिणी एकेक सोडायच्या. त्या उतारावरून आपसूक घरंगळत जात आणि सांधे बदलत गेले की कानपूरची वाघीण कानपूरच्या रुळावर, मद्रासची मद्रासच्या रुळावर जाऊन ठोकरत थांबे. पुढे एकाच मालाची, एकाच ठिकाणी जाणारी सबंध गाडी भरण्याची पद्धत आली आणि वाघिणी निवडण्याचं कामच उरलं नाही. ते रेल्वेच्या हिताचं झालं, हे मला मान्य आहे. पण छोट्या व्यापाऱ्याची एकटी वाघीण त्या बदलात रुळांवरून उतरली ती कायमची, हेही नोंदवायला हवं.

भुसावळचा अर्धा जीव पंचवीसेक किलोमीटरवरच्या जळगावात आहे. तिथे सुरतेची लाइन येऊन मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ताप्ती व्हॅली रेल्वेने बांधायला घेतलेली ही लाइन नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी येते आणि ती पश्चिम रेल्वेची आहे. म्हणजे जळगावच्या फलाटावर दोन रेल्वे भेटतात. अहमदाबाद-चेन्नई नवजीवन याच वाटेने येते. पण खानदेशी माणसासाठी ही लाइन पोटाची आहे. दुष्काळात, कापसाचा भाव पडला त्या साली, पिढ्यान्‌पिढ्या इथली कुटुंबं उधना-लिंबायतच्या मागांवर आणि साडीबाजारात कामाला गेली. सुरतेच्या कित्येक गल्ल्यांत आज अहिराणी ऐकू येते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, उलटी गर्दी लोटते. दाराशी लोंबकळणारा मुलगा फलाटावरच्याला विचारतो, “भाऊ, हाई गाडी कथी जास?” आणि उत्तर यायच्या आधीच आत घुसतो.

धुळ्याच्या वाट्याला एक फाटाच आला. चाळीसगावहून निघणारी ती लाइन 1900 सालची, 56 किलोमीटरची, आणि धुळ्याला पोहोचली की संपते. मोठ्या गाडीला जोडायचे डबे चाळीसगावला कितीतरी वेळ बाजूच्या रुळावर उभे राहत. जिल्ह्याचं ठिकाण असून रुळाच्या शेवटी पडल्याची खंत धुळेकरांनी शंभर वर्षं बोलून दाखवली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर नव्या मार्गाला मंजुरी दिली, तो धुळ्यावरून जाणार आहे. झाला तर धुळ्यालाही सांधे मिळतील.

पुन्हा भुसावळला यायचं ते केळ्यांसाठी. तापी ओलांडली की इटारसीच्या रुळावर सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं येतात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं नाव उत्तरेत या स्टेशनांनीच पोहोचवलं. पहाटे बागेत घड उतरतात. कोयता चालवणारा एक, घड खांद्यावर झेलणारा दुसरा. फळाला डाग पडला की भाव पडतो, म्हणून तो लेकराला घ्यावं तसा झेलतो. हिरवीच केळी वाघिणीत रचतात, कारण ती पिकायची आहेत दिल्लीत. गाडी यार्डात अडकून उशीर झाला तर उन्हात तापलेल्या वाघिणीत केळी वाटेतच पिकू लागतात आणि शेतकऱ्याचं वर्ष हातचं जातं. म्हणून केळीची गाडी भरली की रावेरचा माणूस घरी जाऊन निजत नाही. ती खंडव्याच्या पुढे गेल्याचा फोन येईपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहतो.