सत्तरीत सहा दिवसांची शर्यत : तयारी मात्र तीन वर्षांची



क्वीन्समध्ये आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर फ्लशिंग मेडोज पार्क आहे. दर एप्रिलमध्ये तिथे एक वेगळीच शर्यत भरते. साधारण मैलभराच्या वाटेवर माणसं गोल गोल फिरत राहतात, कोणी सहा दिवस, कोणी दहा दिवस. तंबूत थोडं झोपायचं, उठायचं, परत चालू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बारीक पाऊस होता आणि माझ्याहून वयाने मोठी दिसणारी एक बाई छत्री धरून फेरी मारत होती. धावत नव्हती हं, चालत होती. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली, यजमान जाऊन वर्ष झालेलं, घर खायला उठलेलं. मनात आलं, हे तर मलाही जमेल.

जमेल, पण कसं, ते कळायला मला एक हाड मोडून घ्यावं लागलं. ते पुढे सांगते.

आधी शर्यत म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण नाव ऐकूनच आपल्या वयाची माणसं हात झटकतात. मॅरेथॉनमध्ये अंतर ठरलेलं असतं, वेळ मोजतात. इथे उलटं. वेळ ठरलेली, १४४ तास, आणि तेवढ्यात तुमच्याने जेवढं होईल तेवढं अंतर. मधेच बसा, जेवा, झोपा, कोणी बाद करत नाही. पहिले येणारे सहा दिवसांत पाचशे मैलांच्या वर जातात, ते सोडून द्या. आपण शंभर मैल धरू. म्हणजे १६० किलोमीटर, मुंबईहून पुण्याला रस्त्याने जावं त्याहून थोडं जास्त. रोजचे साडेसोळा-सतरा मैल झाले. ताशी अडीच मैल, म्हणजे बाजारहाटाच्या चालीने, रोज सहा तास चाळीस मिनिटं. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत ज्यांनी लहानपणी पायी ये-जा केली आहे त्यांना हा वेग नवीन नाही. अवघड आहे ते दुसऱ्या दिवशी उठून परत तेच करणं, आणि तिसऱ्या दिवशी, आणि चौथ्या.

बरं, सहाच दिवस का? हे मला फार आवडलं म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अशा चालण्याच्या शर्यतींना तिकीट काढून गर्दी व्हायची. पण रविवारी खेळ चालत नसे, तो त्यांचा विसाव्याचा दिवस. म्हणून रविवारची मध्यरात्र उलटली की सुरुवात आणि शनिवारी रात्री बाराच्या आत शेवट. एडवर्ड पेसन वेस्टन नावाच्या गृहस्थाने १८७४ च्या डिसेंबरात इथून जवळच, न्यू जर्सीच्या नेवार्कमध्ये, सहा दिवसांत ५०० मैल पुरे केले. हाच वेस्टन १९०९ साली, सत्तराव्या वाढदिवसाच्या दिवशी, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पायी निघाला आणि शंभराहून थोड्या जास्त दिवसांत पोचलासुद्धा. रविवारी मात्र चालायचा नाही.

कुलाबा जिल्ह्यात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली का म्हणत, ते मी वाचकांना सांगायला नको. सहा दिवस घाणा, सातव्या दिवशी बंद. आता हिशेब बघा. आठवड्याचे तास १६८, शब्बाथचे सुमारे २५. उरले १४३. शर्यत १४४ ची! एक तास कमी पडला. शिवाय आजकालच्या शर्यती शनिवार बघत नाहीत. मग मी काय ठरवलं, शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत वाटेवरून बाजूला व्हायचं आणि शनिवारी तारे दिसल्यावर परत यायचं. आयोजकांना आधी कळवून ठेवायचं, म्हणजे माणूस कुठे गेलं म्हणून शोधाशोध नको. हाती राहतात ११९ तास, म्हणजे धड पाच दिवस. रोजचे वीस मैल, आठ तास. माझी सगळी तयारी या आठ तासांसाठी आहे.

म्हातारपणी हे झालेलं आहे का? झालेलं आहे. टेड कॉर्बिट हे न्यूयॉर्कचेच, पेशाने फिजिओथेरपिस्ट, १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला मॅरेथॉन धावलेले. त्यांनी २००३ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, २४ तासांच्या शर्यतीत चालत ६८ मैल काढले. चालत, हे लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियाच्या हेलन क्लाइन यांनी तर धावायला सुरुवातच पंचावन्नाव्या वर्षी केली, आणि २००२ मध्ये ऐंशीव्या वर्षी मॅरेथॉन ४ तास ३१ मिनिटांत पुरी केली. त्यांच्या हाताशी पंचवीस वर्षांचा सराव होता. आपल्याकडे तेवढी वर्षं नसतील, पण सहा महिनेही पुरणार नाहीत.

मी नेमकं सहा महिन्यांत करायला गेले होते. इतकी वर्षं वॉर्डात उभं राहून काम केलेलं, पाय मजबूत आहेत असा समज. रोज दोन तास, मग तीन, एकही दिवस सुटी नाही. श्वास सुधारला, झोप सुधारली, आणि पाचव्या महिन्यात उजव्या पावलात दुखायला लागलं. मी रेटलं. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, असा बारीक तडा सुरुवातीला पुष्कळदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसला. सहा आठवडे बूट. मग डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली तर हाडं विरळ झालेली! नर्स असून स्वतःची तपासणी कधी केली नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, पुरे झालं आता. पार्कात पडलीस तर कोण बघणार?" त्याचं चुकलं नव्हतं. पण हाडं विरळ झाली म्हणून चालणं सोडायचं नसतं, उलट हाडांना वजन पेलायला लागतंच. फक्त सावकाश.

इथे मुख्य मुद्दा येतो. हृदय आणि फुप्फुसं थोड्या महिन्यांत तयार होतात. स्नायूंना त्याहून वेळ लागतो, आणि शिरा-सांधे-हाडं सगळ्यांत मागून येतात, आपल्या वयात तर फारच मागून. दम लागत नाही म्हणून शरीर तयार झालं असं नसतं. मी तिथेच फसले.

म्हणून सुरुवात डॉक्टरांपासून. हृदयाची तपासणी, रक्तदाब, मूत्रपिंडं, साखर, डोळे, आणि हाडांची घनता. मेडिकेअरच्या अटींत बसत असाल तर ही हाडांची तपासणी दर २४ महिन्यांनी होते. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर लांब चालण्याने साखर एकदम उतरू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं विचारून घ्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर शर्यतीचा विचार नंतर.

माझं पहिलं वर्ष तासांवर चाललं, मैलांवर नाही. आठवड्यातून पाच दिवस चालणं, अर्ध्या तासापासून सुरुवात. दोन दिवस ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून उठणं, टाचा उचलणं, जिना, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. हे शेवटचं पडण्यासाठी, म्हणजे न पडण्यासाठी! शब्बाथला पूर्ण विसावा. आणि दर चौथ्या आठवड्यात चालणं एक तृतीयांशाने कमी. या चौथ्या आठवड्याचा मला फार कंटाळा यायचा, वाटायचं वाया गेला. पण दुरुस्ती तेव्हाच होते. हिवाळ्यात बर्फावर जायचं नाही. इथले कित्येक मॉल दुकानं उघडण्याआधी चालणाऱ्यांसाठी दार उघडतात, मी तिथे जायचे.

दुसऱ्या वर्षी पाठोपाठचे दिवस. रविवारी तीन तास, सोमवारी तीन तास. हळूहळू चार, पाच. दर तीन महिन्यांनी एकदा रविवार-सोमवार-मंगळवार असे तीन दिवस. सोमवारी सकाळी पाय काय म्हणतात ते वहीत लिहायचं. वर्षाच्या शेवटी न्यू जर्सीत २४ तासांची एक शर्यत केली. पंचवीस मैल ठरवले होते, मधे चार तास झोपून एकतीस झाले. मुलगा रात्री अकराला गरम पेज घेऊन आला. काही बोलला नाही, दोन फेऱ्या माझ्याबरोबर चालला.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे आता, लागोपाठ चार दिवस सहा-सात तास, असे वर्षातून तीन वेळा. शर्यतीआधी तीन आठवडे चालणं उतरवत आणायचं.

खाण्याकडे तरुण मंडळी जेलच्या पाकिटांनी बघतात. मला ते दुसऱ्या तासाला नकोसं होतं. दर तासाला थोडं, एकदा गोड एकदा खारट, हे जमलं. मलिद्यासारखे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, खजूर हे डब्यात छान राहतं, पोटही बिघडत नाही. मीठ घातलेला मऊ भात, उकडलेला बटाटा, अंडं. तयारीच्या काळात प्रथिनं कमी पडू देऊ नका. उतारवयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम सांगतात, साठ किलोच्या बाईला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, तेव्हा डाळ, मासे, दही सगळंच लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

पाण्याचं दोन्हीकडून सांभाळावं लागतं. वय झालं की तहान कमी कळते. पण भीतीपोटी सारखं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. सकाळ-संध्याकाळ वजन करा. दिवसभर चालून वजन वाढलं तर पाणी जास्त होतंय, किलो-दीड किलोहून जास्त उतरलं तर कमी पडतंय. आणि पाय दुखतात म्हणून अ‍ॅडव्हिलसारख्या गोळ्या चालताना घ्यायच्या नाहीत. लांबच्या श्रमात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात ही भर. लघवी कोलासारखी काळपट झाली, एकच पोटरी सुजली, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर शर्यत तिथेच संपली आणि हॉस्पिटल गाठायचं.

पावलं सुजतात, म्हणून बूट एक नंबर मोठे. नखं कापलेली, बोटांना व्हॅसलिन, मोजे दिवसातून दोनदा बदलायचे. गोल वाटेवर एकाच बाजूला वळत राहिलं की एकच गुडघा बोलू लागतो. क्वीन्समध्येच ३१०० मैलांची शर्यत असते, ५२ दिवसांची, एका चौकाभोवती. तिथे रोज फिरण्याची दिशा बदलतात. सरावाला मीही तसंच करते. रात्र जागायचा मोह टाळते. झोपमोडीने तोल जातो, आणि आपल्याला तोल गेलेला परवडत नाही. रात्री दहा ते चार मी झोपणार.

रस्त्याचं एक सांगायचं राहिलं. वेस्टनला म्हातारपणी, १९२७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीने धडक दिली, त्यानंतर तो चालू शकला नाही. आणि आपले फौजा सिंग, शंभरीत टोरांटोची मॅरेथॉन पुरी करणारे, २०२५ च्या जुलैत गावाजवळ गाडीच्या धडकेने गेले. दोघांनाही चालण्याने काही केलं नाही, गाडीने केलं. चमकणारं जाकीट घाला, कानात गाणी नकोत, आणि जमेल तितकं बागेतच चाला.

माझ्यापुढे आता प्रश्न आहे तो पंचांगाचा. २०२७ मध्ये पेसाह २१ एप्रिलच्या संध्याकाळी लागतो आणि पार्कातली शर्यत एप्रिलमध्येच. तारखा एकमेकींवर आल्या तर अ‍ॅरिझोनात फिनिक्सच्या बाजूला, वर्षअखेरीला, अशीच सहा दिवसांची शर्यत असते, १९८३ पासून चालत आलेली. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, आणि डिसेंबरात शब्बाथ लवकर लागतो तसा सुटतोही लवकर. तिकडे गेले तर मुलगा रजा काढून येतो म्हणालाय. पेजेचं भांडं विमानात नेता येईल का, हे तो परवा विचारत होता.