बेवारशी खोल्यांचा शोध

संगणकाची स्मृती ‘गळते’, हे प्रथम ऐकले तेव्हा माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. स्मृती जाते, ढळते, भ्रष्ट होते, पण गळते? माझा भाचा याच क्षेत्रातला. त्याने जे सांगितले, ते वाचकांनाही रंजक वाटेल.

संगणकाची स्मृती म्हणजे एक अफाट चाळ. तिच्या व्यवस्थापकाचे नाव ‘कर्नल’. प्रोग्रॅमने खोली मागावी, काम होताच परत करावी, हा शिरस्ता. एखादा प्रोग्रॅम विसरलाच, तर तो संपताक्षणी कर्नल त्याच्या सगळ्या खोल्या ताब्यात घेतो. परंतु कर्नलच्याच हाताखालचे कारभारी, म्हणजे ‘मॉड्यूल’, विसरले तर? त्यांनी अडवलेली खोली यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत सुटत नाही. महिनोन्महिने अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात अशा खोल्या साचत जातात आणि एके दिवशी नव्या बिऱ्हाडाला जागाच उरत नाही!

यावर २००९ साली लिनक्स कर्नलच्या २.६.३१ या आवृत्तीत कॅटलिन मरिनास यांचा ‘केमेमलीक’ नावाचा गुप्तहेर दाखल झाला. दिलेल्या प्रत्येक खोलीची तो नोंद ठेवतो आणि साधारण दर १० मिनिटांनी चाळ धुंडाळतो. प्रश्न एकच : या खोलीचा पत्ता कुठे तरी लिहिलेला आहे काय? पत्ताच कुणापाशी नसेल, तर ती परत कोण करणार? अशी खोली बेवारशी. ती केवढी, कोणत्या वाटेने मागितली गेली, हे सारे तो अहवालात मांडतो. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चूक शोधावी.

मी विचारले, “मग हा पठ्ठ्या स्वतःच कुलूप का तोडीत नाही?”

भाचा हसला. “मामा, पत्ता कधी कधी वेगळ्या रूपात ठेवलेला असतो, तो याला ओळखू येत नाही. खोली दुसऱ्याला दिली आणि पहिला भाडेकरू परतला, तर दोघे एकमेकांचे सामान उधळतील. सारे यंत्र कोसळेल!”

या शोधामुळे यंत्र मंदावते, म्हणून तो बहुधा चाचणीच्या वेळीच करतात. आपल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच असतो. तो दिवसचे दिवस बिनतक्रार चालतो, त्यामागे अशा झडत्याही असतात. मला मात्र त्या गुप्तहेराचा संयम अधिक भावला : संशय नोंदवावा, निकाल माणसावर सोपवावा.