पडदा उजळण्याआधी अडलेला संगणक

डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि तरीही पडदा काळाच राहतो, तेव्हा संशय बहुधा मॉनिटरवर किंवा हार्ड डिस्कवर घेतला जातो. परंतु हार्ड डिस्क बंद पडली तर मदरबोर्ड निदान तसा संदेश पडद्यावर दाखवू शकतो. रॅम, म्हणजे प्रोसेसर ज्या तात्पुरत्या स्मृतीच्या आधारे काम करतो ती, हाती लागली नाही तर तेवढेही त्याला साधत नाही.

याचे कारण सुरुवातीच्या क्रमात आहे. वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमधील बायोस हा प्रारंभिक प्रोग्राम चालवू लागतो. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी झालेली नसते. म्हणून बायोस प्रोसेसरच्या कॅशेमधील थोड्या जागेवर भागवतो, रॅमच्या पट्टीवरील एका छोट्या चिपमधून तिची क्षमता व वेग वाचून घेतो आणि प्रोसेसर व रॅम या दोहोंमधील विद्युत संकेतांच्या वेळा जुळवतो. या जुळवणीला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ पट्ट्या नव्याने बसवल्यावर तिला काही मिनिटेही लागू शकतात, त्यामुळे काळा पडदा पाहून लगेच वीज तोडणे चुकीचे ठरते.

एवढ्या काटेकोर जुळवणीची गरज रॅमच्या रचनेतूनच येते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना 1968 साली पेटंट मिळालेल्या रचनेत प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. हा भार सतत गळत असल्याने डीडीआर४ रॅममधील प्रत्येक ओळ साधारणपणे 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते, आणि तीही अवघ्या 1.2 व्होल्टवर. अशा व्यवस्थेत एका पिनचा संपर्क सैल झाला तरी सारे अडते.

म्हणूनच चिप जळाल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी संपर्क तपासणे शहाणपणाचे आहे. वीजजोडणी काढून, अंगावरील स्थिर वीज धातूच्या पेटीला स्पर्श करून उतरवून, सर्व पट्ट्या काढाव्यात आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत एकच पट्टी दोन्ही टोके पक्की बसेपर्यंत दाबावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना 288 पिना असल्या तरी त्यांच्या कडेवरची चीर वेगळ्या जागी असते, त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. दुरुस्ती करणारे अनेकजण सोनेरी संपर्क खोडरबराने घासतात. तो सोन्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असू शकतो, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ, धागे न सुटणारे कापड केव्हाही बरे.

एक पट्टी कोणत्याही खाचेत चालत नसेल आणि दुसरी चालत असेल तर दोष पट्टीचा. सगळ्या पट्ट्या एकाच खाचेत अडत असतील तर खाचेचा, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेल्या पिनचा, कारण आजच्या डेस्कटॉपमध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरमध्येच असतो. मदरबोर्डचा बीप किंवा डीरॅम असे लिहिलेला दिवा दिशा दाखवतो; मात्र बीपांची भाषा प्रत्येक बायोसची वेगळी असते. वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग चालू केल्यानंतर संगणक अडला असेल तर बायोसची सेटिंग मूळ पदावर आणणे पुरेसे ठरू शकते.

सर्वांत फसवा दोष मात्र संगणक चालू होऊ देतो आणि मग मध्येच तो कोसळवतो. चिपच्या वेष्टनातील अत्यल्प किरणोत्सारी द्रव्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात, हे इंटेलच्या संशोधकांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. पण असा अपघात त्याच जागी सहसा पुन्हा घडत नाही. मेमटेस्ट८६सारखा प्रोग्राम रॅमभर ठरावीक आकृतिबंध लिहून ते पुन्हा वाचतो, आणि एकाच पत्त्यावर वारंवार चूक सापडली तर ती पट्टी बदलणे हाच उपाय उरतो. विंडोज नव्याने टाकण्याची खटपट त्याआधी करू नये, कारण सदोष रॅममधून जाणारी प्रत्येक फाइल डिस्कवर बिघडलेल्या रूपात लिहिली जाऊ शकते.